भिंतीवरचे नियम कोण लिहितं?

रात्रीचे साडेअकरा. सकाळी दहाला प्रोजेक्ट सबमिट करायचाय. हॉस्टेलच्या वायफायवर तुम्ही एक लिंक उघडता आणि समोर येतं लाल पान. वर कॉलेजचा लोगो, मध्ये कुलपाचं चित्र आणि एकच वाक्य : संस्थेच्या धोरणानुसार ही साइट बंद करण्यात आली आहे. खाली बारीक अक्षरांत कुठलीतरी 'कॅटेगरी' लिहिलेली असते. ती आपण वाचतच नाही.

पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे. एक जण मोबाइलचा हॉटस्पॉट चालू करतो. दुसरा फुकटचं व्हीपीएन उतरवून घेतो. तिसरा 'आपलं कॉलेजच भंगार' असं म्हणून झोपून जातो. 'धोरण' म्हणजे नेमकं कोणतं धोरण, ते कुठे लिहून ठेवलंय आणि लिहिलं कोणी, हे मात्र तिघांपैकी एकही जण विचारत नाही. फी वाढली की आपण प्राचार्यांच्या केबिनबाहेर जमतो, मेसमधल्या डाळीवर तक्रार अर्ज देतो. पण दिवसातले सात-आठ तास ज्या जाळ्यावर काढतो, त्याचे नियम आपल्याला हवामानासारखे वाटतात. आलं आभाळ, काय करणार!

फायरवॉलचे नियम आभाळातून पडत नाहीत. कोणीतरी माणूस खुर्चीत बसून ते एकेक ओळ करून टाइप करतो. म्हणून आज थोडं त्या भिंतीबद्दल आणि तिच्या भाषेबद्दल बोलू. ही भाषा फक्त कॉम्प्युटर इंजिनीअरिंगवाल्यांची आहे असं समजून बीए-बीकॉमवाल्यांनी पान उलटू नका. लाल पान तुम्हालाही दिसतंच.

दिंडी, चोरदिंडी आणि हिरकणी

फायरवॉल हा शब्द मुळात इमारतींचा. एका घराला लागलेली आग शेजारच्या घरात जाऊ नये म्हणून मध्ये बांधलेली जाड भिंत म्हणजे फायरवॉल. कॉम्प्युटरवाल्यांनी तो उचलला १९८०च्या दशकाच्या शेवटी. पण या क्षेत्रातले बाकीचे शब्द बघितले तर ते आगीपेक्षा लढाईचे जास्त आहेत, आणि ते समजायला महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला काहीच अडचण येऊ नये. जो सर्व्हर मुद्दाम बाहेरच्या जगाला तोंड देऊन उभा केला जातो, त्याला इंग्रजीत 'बॅस्टियन होस्ट' म्हणतात. बॅस्टियन म्हणजे बुरूज. 'बॅकडोअर' म्हणजे तर सरळ चोरदरवाजा. रायगडाच्या महादरवाजाजवळची चोरदिंडी तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी ट्रेकला पाहिली असेल.

आणि 'पोर्ट' म्हणजे काय? किल्ल्याच्या किंवा वाड्याच्या मोठ्या दरवाजात माणसापुरता लहान दरवाजा असतो ना, ती दिंडी. फरक एवढाच, की कॉम्प्युटरला अशा ६५ हजारांहून जास्त दिंड्या असतात आणि प्रत्येकीला नंबर असतो. वेबसाइटचा सुरक्षित मजकूर ये-जा करतो ४४३ नंबरने. नावावरून पत्ता शोधायचं काम, म्हणजे डीएनएस, चालतं ५३वर. दूरच्या विंडोज मशीनचा स्क्रीन आपल्याकडे उघडायचा असेल तर ३३८९. फायरवॉल प्रत्येक दिंडीवर उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्या 'पॅकेट'ला, म्हणजे माहितीच्या छोट्या गाठोड्याला विचारते : कुठून आलास, कुठे चाललास, कुठल्या दिंडीने? मग आपल्याकडच्या यादीत बघते आणि सोडते किंवा अडवते.

ही यादी वरून खाली वाचली जाते, हे नीट लक्षात ठेवा. जो नियम आधी जुळेल तो लागू, खालचे बघितलेच जात नाहीत. शेवटी एक न लिहिलेला नियम असतो : वर ज्याचा उल्लेख नाही ते सगळं बंद. समजा, ॲडमिशनच्या धामधुमीत ऑनलाइन फॉर्म चालेना, फोनवर फोन यायला लागले आणि नेटवर्कवाल्या सरांनी वैतागून सगळ्यात वर एक ओळ टाकली, 'कुठूनही कुठेही जाऊ द्या'. फॉर्म सुरू झाले, सगळे खूश. ती ओळ 'दोन दिवसांपुरती' होती. दोन वर्षांनी ती तिथेच असते आणि तिच्याखालचे शंभर कडक नियम नुसते शोभेला राहतात. या धंद्यात या ओळीला 'एनी-एनी' म्हणतात, आणि अनुभवी माणूस नव्या नोकरीवर गेला की आधी तीच शोधतो.

हिरकणीची गोष्ट आपण शाळेत ऐकलेली आहे. आख्यायिका अशी, की सूर्यास्ताला रायगडाचे दरवाजे बंद झाले, दूध विकायला आलेली हिरकणी वर अडकली आणि घरी राहिलेल्या तान्ह्या बाळासाठी ती रात्री कडा उतरून गेली. महाराजांनी तिचा सत्कार केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधून घेतला. नेटवर्कवाल्यांच्या भाषेत सांगायचं तर कडा ही 'व्हल्नरेबिलिटी', म्हणजे कच्चा दुवा. बुरूज म्हणजे 'पॅच'. आणि साडीचोळी देऊन केलेला सत्कार म्हणजे ज्याला आज कंपन्या 'बग बाउंटी' म्हणतात तो. नियम मोडणाऱ्या बाईला शिक्षा करण्याऐवजी तिला वाट कशी सापडली हे विचारणारा कारभार होता, असं ही गोष्ट सांगते. कॉलेजच्या सिस्टिममधली चूक दाखवणाऱ्या मुलाला आधी कारणे दाखवा नोटीस देणाऱ्यांनी ती पुन्हा एकदा वाचायला हरकत नाही.

भिंत हवीच कशाला?

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, नाहीतर 'फायरवॉल काढून टाका' असं म्हणतोय असं वाटेल. तसं अजिबात नाही.

२ नोव्हेंबर १९८८ ला अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या रॉबर्ट मॉरिस नावाच्या मुलाने इंटरनेटवर एक प्रोग्रॅम सोडला. वय २२, म्हणजे आत्ता माझं आहे तेवढंच. आपला पत्ता लागू नये म्हणून त्याने तो सोडला एमआयटीच्या कॉम्प्युटरवरून. प्रोग्रॅम एका मशीनवरून दुसऱ्यावर आपोआप पसरत गेला, एकाच मशीनवर पुन्हा पुन्हा चढत राहिला आणि मशीन ठप्प होत गेल्या. त्या वेळच्या अंदाजानुसार अशा सुमारे सहा हजार मशीन होत्या. तेव्हाचं इंटरनेट आजच्या मानाने एखाद्या गल्लीएवढं, त्यामुळे हा आकडा प्रचंड होता. विद्यापीठं आणि संशोधन संस्था एकमेकांवर विश्वास ठेवून दारं उघडी टाकून बसल्या होत्या. मॉरिसला शिक्षा झाली, पुढे तो एमआयटीतच प्राध्यापक झाला. पण दारं उघडी ठेवायचे दिवस तिथेच संपले.

आपल्याकडचं उदाहरण हवं असेल तर पुण्याचं घ्या. ऑगस्ट २०१८ मध्ये कॉसमॉस बँकेच्या सिस्टिममध्ये मालवेअर घुसवून चोरांनी ९४ कोटी रुपये पळवले. एटीएममधून पैसे काढताना कार्ड खरं की खोटं, खात्यात शिल्लक आहे की नाही, हे बँकेची यंत्रणा तपासते. त्या यंत्रणेच्या जागी चोरांनी बनावट यंत्रणा उभी केली आणि ती प्रत्येक वेळी 'हो, द्या पैसे' असं सांगत राहिली. दोन-तीन दिवसांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले.

नोव्हेंबर २०२२ मध्ये दिल्लीच्या एम्सवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला. ओपीडीच्या नोंदी, रिपोर्ट, ॲडमिशन सगळं कागदावर आलं आणि असं कित्येक दिवस चाललं. नंतर सरकारने संसदेत दिलेल्या उत्तरात पाच सर्व्हरवरच्या सुमारे १.३ टेराबाइट डेटाचा उल्लेख होता, आणि कारण काय दिलं होतं? नेटवर्कचं 'सेगमेंटेशन' नीट नव्हतं. हा शब्द अवघड वाटतो, पण अर्थ आपल्या रोजच्या बघण्यातला आहे. लोकलच्या डब्यांमध्ये भिंती असतात, त्यामुळे एका डब्यातला गोंधळ दुसऱ्या डब्यात जात नाही. नेटवर्कचंही तसंच करायचं असतं. निकालाचा सर्व्हर एका डब्यात, लॅबमधली मशीन दुसऱ्या, हॉस्टेलचं वायफाय तिसऱ्या. डबे वेगळे नसतील तर एका मुलाच्या लॅपटॉपवरच्या क्रॅक केलेल्या गेममधून आलेला व्हायरस अकाउंट सेक्शनपर्यंत चालत जातो.

बाहेर एकच मजबूत भिंत आणि आत सगळं सताड उघडं, या प्रकाराबद्दल बेल लॅब्जच्या बिल चेस्विक यांनी १९९० सालीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी त्याची तुलना वरून कडक आणि आतून मऊ असलेल्या खाऊशी केली होती. आता तर शत्रू भिंतीबाहेरच असतो असंही नाही, आपण रोज खिशात घालून आत आणतो. म्हणून हल्ली 'झिरो ट्रस्ट' हा शब्द सारखा ऐकू येतो. आत आलास म्हणून तू आपला झालास असं नाही, प्रत्येक दारावर पुन्हा ओळख दाखव. इथे किल्ल्याची उपमा संपते.

आणि हे सगळं सांभाळायला कॉलेजात माणसं किती? अनेक ठिकाणी एक. तोच प्रोजेक्टर लावतो, तोच प्रिंटरमध्ये अडकलेला कागद काढतो, ऑनलाइन परीक्षेच्या दिवशी शिव्याही तोच खातो. लाल पानाचा राग त्याच्यावर काढू नका. बऱ्याचदा तो नियम त्याने ठरवलेला नसतो, फक्त टाइप केलेला असतो.

एकाच भिंतीची दोन कामं

भांडण सुरू होतं ते इथे. 'फायरवॉल' या एका नावाखाली दोन वेगळी कामं चालतात. एक, चोर अडवणं. दुसरं, तुम्ही काय वाचावं हे ठरवणं. पहिलं काम सुरक्षेचं आहे, त्यात तज्ज्ञ माणसाचा शब्द चालला पाहिजे. दुसरं काम शिस्तीचं आहे, संस्काराचं म्हणा हवं तर. त्यात नेटवर्कवाल्या सरांना कसलंही विशेष ज्ञान नसतं आणि तशी अपेक्षाही नाही. पण दोन्हीचं लाल पान सारखंच दिसतं. त्यामुळे दुसऱ्या कामाबद्दल प्रश्न विचारला की पहिल्याचं उत्तर मिळतं : सिक्युरिटीसाठी आहे.

हे दुसरं काम होतं कसं? फायरवॉल विकणारी कंपनी जगभरच्या साइट्सची खाती पाडून देते. जुगार, गेम्स, सोशल मीडिया, प्रौढांसाठी, शस्त्रं, 'प्रॉक्सी अव्हॉइडन्स' म्हणजे भिंत चुकवायची साधनं, अशी डझनावारी. कॉलेजात कोणीतरी त्या यादीपुढे टिकमार्क करतो. कुठली साइट कुठल्या खात्यात जाईल हे मशीन ठरवतं, आणि मशीनला संदर्भ कळत नाही. याचं गाजलेलं उदाहरण १९९६ चं. इंग्लंडमधल्या स्कनथॉर्प गावच्या लोकांना एओएलवर खातंच उघडता येईना. त्या नावाच्या पोटात चार अक्षरी इंग्रजी शिवी दडलेली आहे आणि फिल्टरला तेवढीच दिसत होती. आता तंत्र सुधारलंय, तरी मूळ दुखणं तेच आहे. स्तनाच्या कर्करोगाची माहिती, गर्भनिरोधन, लैंगिक आरोग्य हे सगळं 'प्रौढ' खात्यात ढकललं जाण्याचा धोका असतो. व्यसनांवर असाइनमेंट करणाऱ्या मुलाला 'ड्रग्ज' खातं आडवं येतं. सायबर सिक्युरिटी शिकणाऱ्याला 'हॅकिंग' खातं आडवं येतं, यासारखा विनोद नाही. हॉस्टेलमधल्या एखाद्या मुलीला रात्री एक वाजता जी माहिती हवी आहे आणि जी ती रेक्टर मॅडमना विचारू शकत नाही, ती नेमकी याच खात्यात अडकली तर तिने काय करायचं? इथे लाल पान नुसतं कटकटीचं राहत नाही.

पाकिटावरचा पत्ता

आता दुसरा प्रश्न. आपण काय बघतोय ते कॉलेजला दिसतं का?

थोडं दिसतं, सगळं नाही. ब्राउजरमध्ये 'एचटीटीपीएस' असेल तर तुमचा मजकूर बंद पाकिटातून जातो. पोस्टमनला पाकिटावरचा पत्ता दिसतो, आतलं पत्र दिसत नाही. म्हणजे तुम्ही कुठल्या साइटवर गेलात, किती वाजता, किती वेळ आणि किती डेटा ये-जा झाला, हे फायरवॉलला साधारणपणे कळतं. त्या साइटवर काय शोधलं, काय लिहिलं, पासवर्ड काय, हे कळत नाही.

याला एक अपवाद आहे आणि तो प्रत्येकाला माहीत हवा. कधीकधी वायफाय जोडताना सांगतात, हे 'सर्टिफिकेट' इन्स्टॉल करा म्हणजे नेट चालेल. आपण 'ओके, ओके, नेक्स्ट' करून मोकळे होतो. हे साधं फॉर्मवर सही करण्यासारखं नाही. रूट सर्टिफिकेट टाकणं म्हणजे तुमच्या फोनला सांगणं, की या संस्थेने कुठल्याही साइटच्या नावाने दाखवलेलं ओळखपत्र खरं मान. मग फायरवॉल मध्ये उभी राहून पाकीट उघडू शकते, पत्र वाचू शकते आणि नवं पाकीट करून पुढे पाठवू शकते. या तंत्राला 'टीएलएस इन्स्पेक्शन' म्हणतात. कंपनीने दिलेल्या, फक्त ऑफिसच्या कामाच्या लॅपटॉपवर ते असणं समजू शकतं. तुमच्या स्वतःच्या फोनवर, ज्यात बँकेचं ॲप आहे आणि घरच्यांशी, मित्रमैत्रिणींशी केलेलं चॅट आहे, त्यावर ते कशासाठी?

२०१९ च्या जुलैमध्ये कझाकस्तान सरकारने अख्ख्या देशाला हेच करायला सांगितलं होतं. नागरिकांनी सरकारी सर्टिफिकेट टाकावं, सुरक्षेसाठी. त्याच ऑगस्टमध्ये गूगल, मोझिला आणि ॲपल या तिघांनी आपापल्या ब्राउजरमध्ये ते सर्टिफिकेट नाकारलं. एका देशाच्या सरकारला जे नाकारलं गेलं, ते आपण एका पीडीएफमधल्या सूचनेवरून दोन मिनिटांत देऊन टाकतो.

तुमच्या फोनमध्ये असं काही आहे का ते आजच बघा. अँड्रॉइडवर सेटिंग्जमध्ये सिक्युरिटीखाली 'ट्रस्टेड क्रेडेन्शियल्स' असतं. कंपनीगणिक जागा थोडी बदलते, सर्चमध्ये टाकलंत तर सापडेल. तिथे 'सिस्टिम' आणि 'यूझर' असे दोन भाग दिसतील. 'यूझर'खाली काही दिसलं तर ते नंतर टाकलेलं आहे. आयफोनवर जनरलमध्ये 'व्हीपीएन अँड डिव्हाइस मॅनेजमेंट' उघडा. कॉलेजचं नाव दिसलं तर काढण्याआधी विचारून घ्या, कारण काही ठिकाणी फक्त वायफायच्या लॉगिनसाठीही प्रोफाइल दिलेली असते आणि ती निरुपद्रवी असू शकते. पण विचाराच.

फुकटच्या व्हीपीएनचं काय, हा प्रश्न आता तुमच्या मनात आला असणार. व्हीपीएन म्हणजे तुमचं पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालणं. त्यामुळे कॉलेजच्या भिंतीला फक्त व्हीपीएनवाल्याचा पत्ता दिसतो. मात्र आता तुमचे सगळे पत्ते व्हीपीएनवाल्याला दिसतात. वॉचमन बदलला, एवढंच. आणि हा नवा वॉचमन पगार कुठून घेतो? फेसबुकने २०१३ मध्ये 'ओनावो' नावाची कंपनी घेतली. तिचं व्हीपीएन ॲप लोकांनी सुरक्षेसाठी म्हणून टाकलं, आणि लोक दुसरी कुठली ॲप किती वापरतात याची माहिती त्यातून फेसबुककडे जात राहिली. २०१८ मध्ये ॲपलने ते स्टोअरवरून काढायला लावलं. 'होला' नावाच्या फुकट सेवेचं २०१५ मध्ये उघड झालं, की ती आपल्या वापरकर्त्यांचंच कनेक्शन इतरांना पैसे घेऊन वापरायला देत होती. म्हणजे तुमच्या पत्त्यावरून दुसराच कोणीतरी काहीतरी करतोय आणि तुम्ही मालिका बघताय.

लॉग कोण वाचतं?

फायरवॉल जे बघते ते लिहूनही ठेवते. त्या वहीला 'लॉग' म्हणतात. अख्खं कॉलेज बाहेरच्या जगाला बहुतेक वेळा एका किंवा मोजक्या पत्त्यांवरून दिसतं. उद्या कोणी कॉलेजच्या वायफायवरून धमकीचा मेल पाठवला तर पोलीस येतील ते त्याच पत्त्यावर. तो मेल कोणत्या लॉगिनवरून गेला हे वहीशिवाय सांगता येणार नाही आणि मग संशय सगळ्यांवर. म्हणून लॉग ठेवण्याला माझा विरोध नाही. सायबर सुरक्षा बघणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला आदेश काढून सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर, सरकारी संस्था वगैरेंना १८० दिवसांचे लॉग ठेवायला सांगितलं. व्हीपीएन कंपन्यांना तर ग्राहकांची माहिती पाच वर्षं ठेवायला सांगितली, आणि एक्सप्रेस-व्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्ड-व्हीपीएन यांनी त्यावर आपले भारतातले सर्व्हरच हलवले. कॉलेजात लॉगबद्दल विचारलंत तर याच आदेशाचं नाव पुढे येऊ शकतं.

मात्र आदेश आहे तो लॉग जपून ठेवण्याचा. कुठली मुलगी रात्री कितीपर्यंत ऑनलाइन होती हे रेक्टरने चाळून बघावं आणि घरी फोन करावा, असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. ठेवणं आणि वाचणं या दोन गोष्टी आहेत. कोण वाचू शकतं, कोणाच्या लेखी परवानगीने, किती दिवसांनी वही पुसली जाते, हे ठरलेलं हवं आणि आपल्याला माहीत हवं.

हा आगाऊपणा वाटत असेल तर कोर्टं काय म्हणाली ते बघा. ऑगस्ट २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ हायकोर्टासमोर कोळिकोडच्या एका कॉलेजातल्या विद्यार्थिनीचं प्रकरण आलं. हॉस्टेलमध्ये संध्याकाळी सहा ते दहा मोबाइल वापरायला बंदी होती, तिने ती मानली नाही आणि तिला हॉस्टेलमधून काढलं. कोर्टाने तिला परत घ्यायला सांगितलं आणि इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग आहे असं म्हटलं. जानेवारी २०२० मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या इंटरनेटबंदीच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने सरकारला सांगितलं, की इंटरनेट बंद करण्याचे आदेश प्रसिद्ध केले पाहिजेत, म्हणजे ज्याला आव्हान द्यायचंय त्याला देता येईल. हा निकाल कॉलेजच्या वायफायला थेट लागू होतो असं मी म्हणत नाही. पण देशाच्या सुरक्षेचं कारण देणाऱ्या सरकारलाही जर आदेश लपवून ठेवता येत नाही, तर 'गेम्स' आणि 'सोशल मीडिया'वर टिकमार्क करणाऱ्या कमिटीला कसलं एवढं गुपित असावं?

मागणी फार मोठी नाही. फायरवॉलचं धोरण एका पानावर, मराठीत आणि इंग्रजीत, कॉलेजच्या साइटवर आणि हॉस्टेलच्या नोटीस बोर्डावर लावा. कोणत्या कॅटेगऱ्या बंद आहेत आणि त्या कोणी ठरवल्या. पाकीट उघडलं जातं का. लॉग किती दिवस राहतात आणि कोणाला दिसतात. साइट चुकून बंद झाली असेल तर कोणाकडे सांगायचं आणि किती दिवसांत उत्तर मिळेल. कमिटीत एक विद्यार्थी आणि एक विद्यार्थिनी असावी. सर्व्हरचे पत्ते, नियमांची जशीच्या तशी यादी, फायरवॉलचं मॉडेल आणि व्हर्जन हे मागू नका. ते जाहीर झालं तर चोरांची सोय होते आणि ते नाकारण्याचा कॉलेजला पूर्ण अधिकार आहे.

तोपर्यंत पुढच्या वेळी लाल पान आलं की ते बंद करू नका, स्क्रीनशॉट घ्या. नेटवर्कवाल्या सरांना 'सर, नेट चालत नाहीये' असा मेसेज टाकला तर त्यांच्या हाती काहीच लागत नाही. त्याऐवजी साइटचा पूर्ण पत्ता, तारीख आणि वेळ, तुमचा लॉगिन आयडी, पानावर लिहिलेली कॅटेगरी आणि ही साइट कुठल्या विषयाच्या कुठल्या कामासाठी हवी आहे, एवढं लिहा. 'चुकीच्या कॅटेगरीत टाकली गेली आहे, अलाउ लिस्टमध्ये घ्यावी' हे वाक्य त्यांना लगेच कळतं. पूर्वी याला व्हाइटलिस्ट म्हणायचे. काळं ते वाईट आणि गोरं ते चांगलं हा अर्थ नको म्हणून ब्रिटनच्या राष्ट्रीय सायबर सुरक्षा केंद्राने २०२० मध्ये हे शब्द सोडले आणि आता बहुतेक ठिकाणी अलाउ लिस्ट, डिनाय लिस्टच चालतं. बऱ्याचदा पाच मिनिटांचं काम असतं, सर करूनही टाकतात.

जे विषय सरांना सांगायचा संकोच वाटतो, त्यांच्यासाठी अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नका. वर्गप्रतिनिधीकडून, स्टुडंट कौन्सिलकडून किंवा एनएसएसच्या युनिटकडून जाऊ द्या, 'आरोग्यविषयक साइट्स खुल्या कराव्यात' एवढ्या एका ओळीत. आणि कॉलेज सरकारी असेल आणि तोंडी विचारून, लेखी विचारूनही कोणी धोरण दाखवत नसेल, तर माहिती अधिकाराचा अर्ज आहेच. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लागतो. अर्जात लिहायचं, 'विद्यार्थ्यांच्या इंटरनेट वापराबाबत संस्थेने मंजूर केलेल्या धोरणाची प्रत आणि ज्या बैठकीत ते मंजूर झालं तिचं इतिवृत्त.' उत्तर द्यायला त्यांना तीस दिवस असतात. 'असं कोणतंही धोरण उपलब्ध नाही' असं उत्तर आलं, तर ते पत्र जपून ठेवा आणि त्याची एक प्रत प्राचार्यांना नेऊन द्या.